मांजरांच्या दलदलीतली मीडिआ

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा कीचकाचं पुढे काय होणार याबद्दल प्रेक्षागृहात कुणालाही शंका नव्हती. महाभारत घरोघरी ठाऊक होतं. तरी नाटक गाजलं, आणि इतकं गाजलं की १९१० मध्ये इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. शेवट माहीत असलेली गोष्ट माणसं पुन्हा पुन्हा का पाहतात, हे कोडं दशावतारापासून संगीत नाटकापर्यंत आपल्याकडे सगळीकडे भेटतं. 'कीचकवधा'पुरतं त्याचं उत्तर सोपं आहे. कीचकाच्या पोशाखात लॉर्ड कर्झन उभा होता आणि त्याला ओळखण्यातच अर्धी मजा होती.

आयर्लंडच्या नाटककार मरीना कार यांच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. गेली तीस वर्षं त्या ग्रीक पुराणकथा घेतात, त्यांतले राजवाडे आणि देव काढून टाकतात आणि उरलेली गोष्ट मध्य आयर्लंडच्या चिखलात, गोठ्यांत आणि लग्नाच्या जेवणावळीत नेऊन बसवतात. तिथे कुणी व्हाइसरॉय लपलेला नसतो. एक बाई असते, तिचं घर असतं, जवळपास पाणी असतं. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला बहुधा माहीत असतं. नसेल, तर कार स्वतःच तो पहिल्या काही मिनिटांत सांगून मोकळ्या होतात. तरीही माणूस जागचा हलत नाही. हे त्या कसं साधतात, ते पाहण्यासारखं आहे.

वेळ चुकलेला पाहुणा

'बाय द बॉग ऑफ कॅट्स', म्हणजे 'मांजरांच्या दलदलीकाठी', हे कार यांचं सगळ्यात गाजलेलं नाटक. ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये पॅट्रिक मेसन यांच्या दिग्दर्शनात ते पहिल्यांदा झालं. हेस्टर स्वेन या नायिकेची भूमिका ओल्वेन फुएरे यांनी केली. पुढे हॉली हंटर या अमेरिकी अभिनेत्रीनंही ती केली आणि २००४ च्या अखेरीस नाटक लंडनच्या वेस्ट एंडला पोहोचलं.

नाटक सुरू होतं तेव्हा पहाट आहे. जिकडेतिकडे बर्फ. चाळिशीची हेस्टर एका मेलेल्या काळ्या हंसाला ओढत आणते आहे आणि मागे बर्फावर रक्ताची रेघ उमटते आहे. समोर एक अनोळखी गृहस्थ उभा. मेलेल्यांना न्यायला येणारा हा इसम बोलायला मोठा अदबशीर आहे. हेस्टर स्वेनला न्यायला आलोय, म्हणतो. मग विचारतो, हा सूर्योदय की सूर्यास्त? पहाट आहे असं कळल्यावर तो ओशाळतो, वेळेआधी आल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो आणि चालता होतो.

प्रेक्षकांत हशा पिकतो. त्या हशातच लक्षात येतं, की ही बाई आज दिवस मावळताना मरणार.

ग्रीक शोकांतिकेत हे काम भविष्यवाणी करते. देवाचा कौल येतो आणि माणूस अडकतो. कार यांनी तो कौल एका विसराळू पाहुण्याच्या तोंडी घातला आहे. परिणाम तोच होतो, फक्त त्यातलं गांभीर्य काढून टाकलेलं आहे. आता काय होणार, याची उत्सुकता पहिल्याच प्रवेशात संपते. उरतो दुसरा प्रश्न: पहाट ते संध्याकाळ एवढा वेळ हाताशी आहे, शेजारीपाजारी आहेत, पोटची पोर आहे, मग हे कुणालाच का थांबवता येत नाही? नाटकातला प्रत्येक माणूस आत येतो तेव्हा प्रेक्षक त्याच्याकडे याच नजरेनं पाहतो. हा तरी थांबवेल का?

ऑफलीची मुलगी

कार यांचा जन्म १९६४ मध्ये डब्लिनचा, पण वाढ ऑफली काउंटीत, टलामोर गावाजवळ झाली. आयर्लंडच्या नकाशावर बरोबर मध्ये बोट ठेवलं तर ते याच भागात पडतं. पर्यटकांना हवे असलेले समुद्रकडे इथे नाहीत. सपाट जमीन, तळी आणि मैलोन्मैल दलदल. वडील ह्यू कार हेही नाटककार होते. आई शाळेत मुख्याध्यापिका. मरीना सतरा वर्षांच्या असताना आई गेली. त्यांच्या नाटकांतल्या बऱ्याच मुली आईची वाट पाहत असतात किंवा आईची गोष्ट सांगत असतात, याचा उलगडा एवढ्यावरून होतो असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. पण ही गोष्ट माहीत असलेली बरी.

डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेतलं. १९८९ चं 'लो इन द डार्क' हे सुरुवातीचं नाटक बेकेटच्या वळणाचं, असंगत आणि खट्याळ आहे. त्यात ऑफली नाही, पुराणकथाही नाही. १९९४ मध्ये ॲबीच्या पीकॉक या छोट्या रंगमंचावर 'द माय' आलं आणि सगळं बदललं. पुढच्या आठ वर्षांत 'पोर्शिया कॉकलन', 'बाय द बॉग ऑफ कॅट्स', 'ऑन रॅफ्टरीज हिल' आणि 'एरिअल' ही नाटकं आली. सगळी याच मधल्या प्रदेशातली.

चौकट: कॉरिंथमध्ये काय झालं, ऑफलीत काय होतं

*युरिपिडीसचं 'मीडिआ' इ. स. पूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत सादर झालं आणि तीन स्पर्धकांत तिसरं आलं. मीडिआ परदेशातून आलेली, जादूटोणा जाणणारी राजकन्या. जेसनसाठी तिनं बापाचं घर सोडलं, भावाला मारलं. आता जेसन कॉरिंथचा राजा क्रिऑन याच्या मुलीशी लग्न करतो आहे. क्रिऑन मीडिआला हद्दपार करतो, पण तिच्या विनवणीवरून एका दिवसाची मुदत देतो. त्या दिवसात ती विषारी पोशाख पाठवून नवरीला आणि राजाला मारते, स्वतःच्या दोन मुलांना मारते आणि सूर्यानं दिलेल्या रथातून निसटते.*

*कार यांच्या नाटकात मीडिआच्या जागी हेस्टर आहे. जेसनच्या जागी कार्थेज किलब्राइड, तिच्याहून वयानं लहान, तिच्याबरोबर चौदा वर्षं राहिलेला. राजाच्या जागी झेवियर कॅसिडी हा बडा जमीनदार आणि राजकन्येच्या जागी त्याची भित्री मुलगी कॅरोलाइन. दोन मुलांऐवजी एकच मुलगी आहे, सात वर्षांची जोसी. भाऊ इथेही आहे आणि तोही बहिणीच्याच हातून मेला आहे. रथ मात्र नाही.*

दलदल काय करते

नाटकातली दलदल शोभेला नाही. तिचं खरं काम कळायला थोडं भूगोलाकडे वळावं लागतं.

हिमयुग ओसरल्यावर मध्य आयर्लंडमध्ये उथळ तळी उरली. त्यांच्या काठानं वाढणारी झुडपं आणि गवतं पाण्यात मरून साचत गेली, तळी भरत आली आणि वर स्फॅग्नम नावाचं शेवाळ पसरलं. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं. खाली प्राणवायू पोहोचत नाही. सडवणारे जिवाणू अशा ठिकाणी जवळपास निकामी होतात. त्यामुळे मेलेली वनस्पती कुजून माती होण्याऐवजी थरावर थर साचत जाते. त्या थराला पीट म्हणतात. वाढ अगदी मंद, साधारण वर्षाला एक मिलिमीटर. एक मीटर पीट म्हणजे सुमारे हजार वर्षं. हे पीट कापून, वाळवून चुलीत घालायचं, हा आयरिश खेड्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी निघाली आणि यंत्रांनी पीट उपसू लागली. ऑफलीत त्यावर वीज केंद्रं चालली. हवामानाच्या कारणानं कंपनीनं २०२१ मध्ये पीट काढणं अधिकृतपणे थांबवलं.

अशा जागी जे पडतं ते सडत नाही. २००३ मध्ये ऑफलीतल्याच क्रोहन टेकडीपाशी चर खणताना एका पुरुषाचं धड सापडलं. हातांच्या बोटांवरची नखं शाबूत होती. तपासणीत कळलं, की हा माणूस इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकातला आहे आणि त्याला क्रूरपणे मारून दलदलीत टाकलं होतं. आज तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेमागे आहे. कार यांचं नाटक त्याच्या पाच वर्षं आधीचं.

हेस्टरच्या मनाचा कारभार याच नियमानं चालतो. तिची आई, थोरली जोसी, हेस्टर सात वर्षांची असताना दलदलीवरून चालत निघून गेली. हेस्टर त्या दिवशी वाट पाहत बसली आणि अजून बसली आहे. तिच्या लेखी त्या घटनेला तेहेतीस वर्षं उलटलेलीच नाहीत. तिनं मारलेला भाऊ जोसेफ तळ्यात टाकला, तोही भूत होऊन समोर येतो. लोक तिला गाव सोडून जा म्हणतात तेव्हा ती ऐकत नाही. आई परत आली आणि मी इथे नसले तर? एवढंच तिचं कारण. ते वेडगळ आहे आणि अभेद्य आहे.

गावचं दूध, परगावचं विरजण

ग्रीक कथा आयर्लंडमध्ये आणणाऱ्या कार या पहिल्या नव्हेत. १९८४ मध्ये टॉम पॉलिन यांनी 'अँटिगनी'ला उत्तर आयर्लंडच्या राजकारणाशी जोडलं. १९९० मध्ये सीमस हीनी यांनी सॉफोक्लीसच्या 'फिलॉक्टिटीस'वरून 'द क्युअर ॲट ट्रॉय' लिहिलं. त्यातही डेरी आणि बेलफास्टच्या जखमा होत्या. या लेखकांना ग्रीक कथेतला कायदा, राज्य, सूड आणि तह हवा होता. कार यांनी त्याच कथांमधून घर उचललं.

पद्धत साधारण विरजणासारखी आहे. चमचाभर जुनं दही, आणि बाकी सगळं दूध गावातलं. हेस्टरच्या नाटकातलं दूध पाहा: जमिनीचे एकर, घराच्या कागदावरची सही, गोठ्यातली गुरं, नातीचा पहिल्या कम्युनियनचा झगा, दारात उभी कॅरॅव्हॅन. युरिपिडीसकडून फक्त वळण आलं आहे. म्हणूनच 'मीडिआ' न वाचलेल्या माणसालाही हे नाटक समजतं. ज्यानं वाचलं आहे त्याला एक जादा धास्ती मिळते. सात वर्षांची जोसी पहिल्यांदा रंगमंचावर बागडत येते तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस अजून हसत असतो.

मीडिआचं परकेपणही असंच मुरवलेलं आहे. ती काळ्या समुद्राकाठच्या कोल्किसहून आलेली होती. हेस्टर कुठूनच आलेली नाही, ती इथेच जन्मली. पण तिची आई ट्रॅव्हलर होती. ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडमधला मूळचा भटका समाज, पूर्वी कल्हई-पत्रेकाम आणि घोड्यांच्या व्यापारावर जगणारा. २०२२ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे तेहेतीस हजार भरली. त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून सरकारी मान्यता मिळायला २०१७ साल उजाडावं लागलं, म्हणजे नाटकानंतर एकोणीस वर्षं. भटक्या आईची ही मुलगी जागा सोडायला तयार नाही आणि स्थायिक गाव तिला भटकी म्हणून हाकलू पाहतं. या उलटसुलट मांडणीत कार यांची हुशारी आहे. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या पालांवर काय काय गुदरतं हे ज्यांनी वाचलंय, त्यांना झेवियर कॅसिडीची भाषा नवी वाटणार नाही.

विरजणाचं प्रमाण चुकलं तर मात्र दही आंबतं. २००२ चं 'एरिअल' त्याचं उदाहरण. ॲगामेम्नॉननं युद्धाला अनुकूल वारा मिळावा म्हणून मुलगी इफिजिनाया बळी दिली, ही मूळ कथा. कार यांचा फर्मॉय फिट्झगेराल्ड हा सिमेंटवाला पुढारी निवडणूक आणि सत्ता मिळावी म्हणून सोळा वर्षांच्या एरिअलला बळी देतो. पुढे बायको त्याला मारते आणि दुसरी मुलगी आईला. पैशाची सूज आलेल्या त्या काळच्या आयर्लंडवर हा नेमका घाव होता, यात शंका नाही. पण इथे प्रत्येक खून ग्रीक वेळापत्रकानुसार येतो आणि माणसं त्यामागे धापा टाकत धावतात. हेस्टर तिच्या कारणानं मारते. फर्मॉयचं कारण पुस्तकातून आलेलं वाटतं.

आधी शेवट, मग गोष्ट

शेवट आधी सांगायचा, ही खोड कार यांनी 'द माय'मध्येच लावून घेतली होती. माय ही चाळिशीची शिक्षिका. नवरा रॉबर्ट सोडून गेला, तो परत येईल म्हणून तिनं तळ्याकाठी मोठ्या खिडकीचं घर बांधलं, आणि तो खरंच आला. त्या तळ्याची दंतकथा तिची मुलगी मिली सांगते: डोंगरदेवाची मुलगी कोलचा, फुलांच्या राजाच्या प्रेमात पडलेली, तो हिवाळ्यात दलदलीतल्या चेटकिणीकडे गेल्यावर रडून रडून तिच्या आसवांचं तळं झालं आणि त्यातच ती बुडाली. ही कथा कार यांनी स्वतः रचली आहे, आणि ती शंभर टक्के जुनी वाटते. पहिला अंक संपताना खिडकीत एक दृश्य उमटतं: रॉबर्टच्या हातांत मायचं बुडालेलं शरीर. त्यानंतर पूर्ण दुसरा अंक ती जिवंत वावरते, भांडते, विनोद करते.

१९९६ चं 'पोर्शिया कॉकलन' यापुढे जातं. हे नाटक लिहवून घेतलं कुणी? डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलनं, आपल्या शताब्दीनिमित्त. प्रसूतिगृहाला मिळालं ते मातृत्वाचा मनापासून तिटकारा असलेल्या बाईचं नाटक. पोर्शियाचा तिसावा वाढदिवस आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिचा जुळा भाऊ गेब्रिएल बेलमाँट नदीत बुडाला, त्याचं गाणं तिला अजून ऐकू येतं. घरी नवरा आहे, तीन मुलं आहेत. सकाळी दहाला हातात ब्रँडीचा पेला आहे. दुसरा अंक उघडतो तोच तिचं प्रेत नदीतून वर काढताना. मग अंत्यसंस्कार, नातेवाइकांची उणीदुणी. आणि तिसऱ्या अंकात नाटक मागे सरकतं, पोर्शिया पुन्हा बोलू लागते.

यानं काय साधतं? तिसऱ्या अंकात ती नवऱ्यासाठी जेवण बनवते. मेजावर मेणबत्त्या लागतात. सरळ क्रमानं सांगितलं असतं तर प्रेक्षकाला वाटलं असतं, चला, गाडी रुळावर आली. आता तो तसं म्हणू शकत नाही. तिच्या प्रत्येक गोड शब्दाची चव त्याला कडू लागते, कारण तिच्या नवऱ्याला जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे. रहस्यकथा माहिती लपवून ताण निर्माण करते. कार माहिती देऊन तो निर्माण करतात, आणि हा ताण जास्त टिकतो. या नाटकाला सुसान स्मिथ ब्लॅकबर्न पुरस्कार मिळाला. अलीकडे ॲबीनं आणि लंडनच्या आल्मेडा थिएटरनं ते नव्यानं केलं.

देवांच्या रिकाम्या जागी

शोकांतिकेला नियती लागते. देव काढले तर ती कुठून आणायची?

कार यांचं उत्तर काळ्या हंसात आहे. मांजरांची आंधळी म्हातारी, उंदीर खाणारी, भविष्य सांगणारी, हेस्टरला एक जुनी हकीकत ऐकवते. थोरल्या जोसीनं तान्ह्या हेस्टरला या हंसाच्या घरट्यात नेऊन ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, हा हंस जगेल तितकीच ही पोर जगेल. हंस काल रात्री गोठून मेला. आयर्लंडमध्ये हंसाशी खेळणं साधं नाही. लीर राजाची चार मुलं सावत्र आईच्या शापानं नऊशे वर्षं हंस होऊन राहिली, ही तिथली शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली कथा, आणि त्यांची पहिली तीनशे वर्षं ज्या तळ्यावर गेली ते डेरावॅरा तळंही याच मधल्या भागात, शेजारच्या काउंटीत आहे. कार यांनी सावत्र आईची सख्खी केली. हेस्टरची नियती देवानं लिहिली नाही, आईनं एका वाक्यात उच्चारली. आणि ती खरी ठरते, कारण मुलीनं ते वाक्य हृदयाशी धरून ठेवलं.

यामुळे मुलीच्या हत्येचा अर्थही पालटतो. मीडिआ मुलांना मारते ती जेसनचा वंश तोडण्यासाठी. तिचा सूड हिशेबी आहे; ती स्वतःशी वाद घालते, कचरते आणि मग ठरवते. हेस्टरचाही सूड आहे, पण तो आधीच उरकून झालाय: कार्थेजनं बांधलेलं घर आणि गुरांनी भरलेला गोठा तिनं पेटवून दिला. आता ती एकटीच मरायला निघाली आहे. तेवढ्यात जोसी येते. आई, कुठे निघालीस? मलाही ने. परत कधी येशील? हेस्टरला समोर सात वर्षांची हेस्टर दिसते. आपण गेलो तर ही पोरगी जन्मभर दलदलीकाठी वाट पाहत बसणार, हे तिला स्वानुभवानं माहीत आहे. ती पोरीला मारते ती आपल्यासारखं आयुष्य तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. प्रेक्षक हे समर्थन स्वीकारत नाही, पण ऐकून घेतो, आणि तेच अधिक भयंकर आहे.

मग अदबशीर पाहुणा ठरल्या वेळी परततो. सूर्याचा रथ नाही, अथेन्समध्ये आसरा नाही. युरिपिडीसनं मीडिआला जिवंत सोडलं होतं. कार यांनी तेवढी सवलत ठेवली नाही.

मंडपातले चार पांढरे पोशाख

एवढं वाचून कुणी समजेल की हे नाटक तीन तास रडवत असेल. दुसरा अंक बघावा. कार्थेजच्या लग्नाची मेजवानी. नवरी पांढऱ्यात आहे. सासूबाईही पांढऱ्यात, जवळजवळ नवरीच्याच थाटाचा झगा घालून. छोटी जोसी कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यात. आणि मग हेस्टर येते, जुन्या न झालेल्या लग्नाचा पांढरा पोशाख चढवून. आंधळी म्हातारी बशीतून वाइन लपालपा चाटते आहे, बरोबर विसराळू म्हातारा पाद्री.

सासूबाई मिसेस किलब्राइड ही खास दखल घेण्याजोगी बाई. नातीबरोबर पत्ते खेळताना ती चिमुरडीला स्वतःचं नाव स्पेलिंगसकट म्हणायला लावते, आणि पोरगी किलब्राइड म्हणाली की तिला झापते: तू स्वेन आहेस, हरामाची. हसू थांबतं ते इथे. गावकीचा सगळा दुष्टपणा एका पत्त्यांच्या डावात आला. विनोदानं प्रेक्षक सैलावतो आणि सैलावलेल्या माणसावर घाव खोल बसतो, ही युक्ती आयरिश रंगभूमीला सिंग या नाटककारापासून ठाऊक आहे. १९०७ मध्ये याच ॲबीत त्याच्या 'प्लेबॉय' या नाटकावरून दंगा झाला होता.

हेक्युबाची बाजू

पुढच्या काळात कार ऑफली सोडून थेट ग्रीसमध्ये गेल्या. २०१५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं त्यांचं, ट्रॉयच्या हरलेल्या राणीवरचं 'हेक्युबा' केलं, २०२२ मध्ये लंडनच्या किल्न थिएटरमध्ये ॲगामेम्नॉनच्या बायकोची, क्लायटेम्नेस्ट्राची कथा सांगणारं 'गर्ल ऑन ॲन ऑल्टर' आलं. या नाटकांत संवादाची तऱ्हाच वेगळी आहे. पात्र स्वतःचं बोलता बोलता समोरच्याचंही बोलणं सांगतं: मी असं म्हटलं, तो असं म्हणाला, त्याचा हात थरथरला, मी पाहिलं. एकाच प्रसंगाच्या दोन साक्षी कानावर पडतात आणि त्या जुळत नाहीत. युरिपिडीसच्या हेक्युबानं आपल्या मुलाच्या खुन्याचे डोळे काढले, त्याची मुलं मारली. कार यांची हेक्युबा तसं करत नाही. हरलेल्यांची गोष्ट जिंकणाऱ्यांनी लिहिली, असा त्यांचा रोख आहे. हा बदल प्रत्येकाला पटेलच असं नाही. निष्पाप हेक्युबा थोडी फिकी पडते. मीडिआला त्यांनी असं धुऊन काढलं नव्हतं.

एवढा अंधार कशाला?

हा आक्षेप कार यांच्यावर सुरुवातीपासून आहे: बुडालेल्या बायका, कुटुंबातले अत्याचार, मेलेली मुलं, हे काय आयर्लंड? उत्तरासाठी नाटकांची वर्षं पाहावीत. 'द माय'ची कथा १९७९ च्या सुमारास घडते. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेनं घटस्फोटावर बंदी घातली होती. ती उठवायचं सार्वमत १९९५ मध्ये झालं, नाटकानंतर वर्षानं, आणि जेमतेम नऊ हजार मतांनी जिंकलं गेलं. मायनं रॉबर्टपासून घटस्फोट घ्यायचं ठरवलं असतं तरी कायद्यात तसं दार नव्हतं. १९८४ मध्ये लाँगफर्ड काउंटीतल्या ग्रॅनार्डला पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या गुंफेपाशी एकटीच बाळंत झाली. बाळही गेलं, तीही गेली. गावात कुणालाच काही माहीत नव्हतं, असं सांगण्यात आलं. ग्रॅनार्ड याच मध्य भागात आहे. कार यांच्या नाटकांत गावाला सगळं माहीत असतं.

सगळ्यात काळं नाटक मात्र ते, ज्यात कुणीच मरत नाही. २००० सालचं 'ऑन रॅफ्टरीज हिल'. गॅरी हाइन्स यांनी ते ड्रुइड संस्थेतर्फे गॉलवेत बसवलं. रेड रॅफ्टरी हा बाप डोंगरावरच्या शेतात राहतो, मेलेली जनावरं तशीच कुजत टाकतो. थोरली डायना आणि धाकटी सॉरेल बहिणी म्हणवतात. प्रत्यक्षात डायना सॉरेलची आई आहे आणि बाप दोघींचा एकच. आजी शॅलोम अधूनमधून बोचकं घेऊन निघते आणि दर वेळी परत आणली जाते. भूत येत नाही, भविष्यवाणी होत नाही, नदी कुणाला नेत नाही. सॉरेलवरही अत्याचार होतो, ठरलेलं लग्न मोडतं, आणि उद्या सकाळी पुन्हा चहा होणार असतो. ग्रीक देव या घरात फक्त बोलण्यात येतात: झ्यूस आणि हेरा सख्खे भाऊबहीण, तरी त्यांनी लग्न केलंच की नाही, असा दाखला इथली माणसं देतात. हेस्टरच्या घरात पुराणकथेनं माणसांना वाकवलं होतं. रॅफ्टरींच्या घरात माणसं तिला बचावाचा पुरावा म्हणून पुढे करतात.